बर्लिनचा करार आणि खिडकीजवळचा खालचा पलंग

त्या माणसाने माझं नुसतं कौतुक केलं असतं तर मी कदाचित फसलो नसतो. डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमर्सच्या चॅट अॅपवर, कौतुकाचे मेसेज बरेच येतात आणि त्यातले निम्मे काहीतरी विकायला आलेले असतात, एवढं मला कळत होतं. त्याने माझी चूक दाखवली.

मी लीग ऑफ लेजंड्स या पाच विरुद्ध पाच खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये सपोर्ट खेळतो, म्हणजे टीममेट्सना सांभाळायची भूमिका. युरोप वेस्ट सर्व्हरवर, खूप जास्त पिंग (सर्व्हर लांब असल्याने होणारा उशीर) सोसत, ग्रँडमास्टर या वरून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलो होतो. तिथे सगळ्यात वरच्या, चॅलेंजरच्या, जागा फक्त 300 आणि त्यांच्यात शिरायला मला थोडेच पॉइंट कमी पडत होते. एका रात्री मेसेज आला. पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख एका नावाजलेल्या संघाच्या अकॅडमी टीमचा (नवे खेळाडू घडवणाऱ्या टीमचा) मॅनेजर अशी करून दिली होती. त्याने माझ्या तीन मॅच पाहिल्या होत्या. त्याने लिहिलं होतं, "ड्रॅगन यायच्या मिनिटभर आधी तू वॉर्ड लावायला एकटाच नदीत उतरतोस. मिडची वेव्ह कुठे आहे ते बघत नाहीस. तिन्ही मॅचमध्ये तू तिथेच मेलास."

वॉर्ड म्हणजे नकाशाचा तो भाग दिसावा म्हणून लावायची खूण, आणि वेव्ह म्हणजे आपल्या बाजूने चाल करणारी सैनिकांची तुकडी. मी त्या मॅचचे रिप्ले उघडले. तिन्ही मॅचमध्ये मी खरोखर तिथेच मेलो होतो.

तोपर्यंत माझा खेळ कुणी इतक्या बारकाईने पाहिला नव्हता. त्या क्षणी मी मनाने त्याच्या टीममध्ये जाऊन बसलो, पुढची सगळी कागदपत्रं हा फक्त सोपस्कार होता. खेळ समजणारा माणूस ठगही असू शकतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आलीच नाही. तीन रिप्ले पाहायला त्याचा तासभर गेला असेल. त्या तासाभराच्या भांडवलावर त्याने माझी दोन वर्षांची बचत नेली.

ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, तीन संध्याकाळ चालला. व्हॉइसवर एक कोच होता, ड्राफ्टवर (कुठली पात्रं निवडायची यावर) चर्चा व्हायची, प्रत्येक गेमनंतर दहा मिनिटं रिव्ह्यू. समोरच्या टीम खऱ्या होत्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण "स्क्रिम खऱ्या होत्या, मग टीम खोटी कशी?" असं मला अनेकांनी विचारलं. स्क्रिम म्हणजे दोन टीममधला सराव सामना, तो ठरवायला कुणी कागद मागत नाही. डिस्कॉर्डच्या एखाद्या सर्व्हरवर वेळ आणि रँक टाकली की कुणीतरी सापडतं. समोरच्या पाच जणांना आपण कुणाशी खेळतोय याची पर्वा नसते, त्यांना सराव हवा असतो.

चौथ्या दिवशी करार आला. अकरा पानांची पीडीएफ, लोगो, पगार, सुट्ट्या, बक्षिसाच्या रकमेतला वाटा, बर्लिनच्या टीम हाऊसमध्ये राहायची सोय. बर्लिन पटण्यासारखंच होतं. युरोपची सगळ्यात वरची लीग, एलईसी, तिथल्याच स्टुडिओत खेळली जाते. खालच्या पातळीवर जर्मन भाषिक देशांची प्राइम लीग आहे आणि आम्ही तिच्यात उतरणार, असं सांगितलं गेलं. सोबत निरोप होता, "बाकी चौघांच्या सह्या झाल्यात. फक्त सपोर्टची जागा उरलीय. शुक्रवारपर्यंत कळव." आणि करारातल्या अटी टीममधल्या कुणाशीही बोलायच्या नाहीत, गोपनीयतेचं कलम आहे. मला ते फार व्यावसायिक वाटलं होतं. हे कलम कुणासाठी होतं ते नंतर कळलं.

मी लगेच तयारीला लागलो. नोकरीचा राजीनामा दिला. झोपेची वेळ युरोपच्या घड्याळाला जुळवली. मनगट दुखायचं, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागलो, कारण तिथे दिवसाला दहा तास खेळावं लागणार होतं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड या दोन कीज अदलाबदल झालेल्या असतात, हे वाचलं आणि माझ्या कॉम्प्युटरचं लेआउट त्या दिवसापासून जर्मन करून टाकलं. गेममध्ये कॅमेरा आपल्या पात्रावर लॉक करायची की वाय असते. पहिले काही दिवस बोट चुकीच्या जागी जायचं, मग सवय झाली. आईने गरम कपड्यांची पिशवी भरून कपाटाशेजारी ठेवली होती आणि रोज तीत काहीतरी नवीन ठेवायची. बाबा एवढंच म्हणाले, "कंपनी नीट बघितलीस ना?" मी म्हणालो, "बघितली."

खरं सांगायचं तर बघितली होती, पण अर्धवट. हा गेम बनवणारी रायट कंपनी प्रमुख लीगमधल्या करारबद्ध खेळाडूंची आणि कोचची यादी सगळ्यांना बघता येईल अशी ठेवते. खेळाडूचं नाव, टीम, करार कधी संपणार, सगळं त्यात असतं. मी ती उघडली. तो मॅनेजर किंवा तो कोच, दोघांचीही नावं त्या संघासमोर नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं, "अकॅडमीची नावं सीझन सुरू झाल्यावर चढतात." मी मान्य केलं. त्या संघाच्या अधिकृत साइटवर दिलेल्या पत्त्यावर एक ईमेल टाकायला दोन मिनिटं लागली असती. मला वाटलं, असं केलं तर मॅनेजरला आपण संशयी वाटू आणि जागा जाईल. नंतर टाकला तेव्हा दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: या नावाचा माणूस आमच्याकडे नाही आणि आमची अकॅडमी टीमही नाही.

पैसे तीन वेळा मागितले गेले, आणि प्रत्येक वेळी रक्कम अशी की आधी दिलेल्या पैशांपायी ती नाकारवत नव्हती.

पहिल्यांदा व्हिसासाठी. "स्पॉन्सर सर्टिफिकेट"ची फी म्हणून. असं काही विकत मिळत नाही. मार्च 2020 पासून जर्मनीच्या रोजगार नियमांत ई-स्पोर्ट्स खेळाडूंचा वेगळा उल्लेख आहे. त्यात वय किमान 16 पूर्ण असावं लागतं, पगार पेन्शन विम्याच्या वर्गणीसाठी ठरलेल्या कमाल उत्पन्नाच्या किमान निम्मा असावा लागतो, आणि तुम्ही हा खेळ व्यवसाय म्हणून खेळता याला तिथल्या शिखर संघटनेने दुजोरा द्यावा लागतो. माझ्या करारातला पगार त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हता. म्हणजे तो करार खरा असता तरी त्यावर हा व्हिसा मिळाला नसता! दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाची सरकारी फी 75 युरो आहे आणि ती अर्जदार स्वतः अर्ज करताना भरतो. मी सर्टिफिकेटसाठी दिलेले पैसे त्याच्या कितीतरी पट होते.

नंतर तो म्हणाला, वेळ कमी आहे, तू आधी टुरिस्ट म्हणून ये, इथे आल्यावर बदलून घेऊ. हे वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबा. टुरिस्ट म्हणून मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक अल्पमुदतीचा व्हिसा) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, पगारी काम करता येत नाही. आणि आधी आत जाऊन तिथेच राहण्याचा परवाना काढायची मुभा अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया अशा मोजक्याच देशांच्या नागरिकांना आहे. बाकीच्यांना व्हिसा आपल्या देशातूनच काढून जावं लागतं. (अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी: खेळाडूंसाठी असलेल्या तिथल्या पी-1ए व्हिसाचा अर्ज खेळाडूला स्वतःसाठी करता येत नाही, तो तिथल्या टीमने किंवा एजंटने करायचा असतो. अर्ज दाखल झाला की तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला पावती क्रमांक मिळतो. तो मागून घ्या आणि अर्जाची स्थिती सरकारी साइटवर स्वतः तपासा. "प्रक्रिया चालू आहे" या शब्दांवर समाधान मानू नका.)

दुसऱ्यांदा खोलीचं डिपॉझिट. फोटो आले: पाच डेस्क, पाच मॉनिटर, आणि एका खोलीत दोन बंक बेड. एका पलंगाभोवती लाल वर्तुळ काढून लिहिलं होतं, "हा तुझा." खिडकीजवळचा खालचा पलंग. तो फोटो मी कितीदा झूम करून पाहिला असेल! उशाशी प्लग होता, तिथे चार्जर लागेल असा विचार करायचो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याएवढं, एकरकमी, किल्ली मिळायच्या आधी. जर्मन कायद्यात घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क असतो. पहिला हप्ता भाड्याची मुदत सुरू झाल्यावरच द्यायचा असतो. शिवाय घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. घरमालकाचं नाव विचारल्यावर जो टाळतो, त्याच्याकडे घर नसतं.

तिसऱ्यांदा विमा आणि तिकिटाचा "परत मिळणारा" हिस्सा. याच वेळी माझ्या गेम अकाउंटचा पासवर्डही गेला, कोचला आतून रिव्ह्यू करायचा होता म्हणून. पुढे ते अकाउंट विकलं गेलं. रायटच्या नियमांनुसार अकाउंट दुसऱ्याला देणंच चूक, त्यामुळे तक्रार करतानाही माझी बाजू लंगडी पडली. रिव्ह्यूसाठी रिप्ले पुरतो. पासवर्ड लागत नाही.

या ठगांच्या साइटवर कंपनीची माहिती होती, नोंदणी क्रमांकही होता. जर्मनीत व्यावसायिक साइटवर अशी माहिती देणं बंधनकारक आहे, म्हणून ती बघून मी निश्चिंत झालो. तो क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच कुणाचा. तिथलं व्यापारी नोंदणी रजिस्टर ऑगस्ट 2022 पासून ऑनलाइन मोफत बघता येतं. मी ते पैसे गेल्यावर उघडलं. त्या क्रमांकावर निघालेल्या कंपनीचा गेमिंगशी काडीचा संबंध नव्हता.

कळलं कसं, तर एका स्क्रिमनंतर. गेम संपला होता, लॉबीत आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि जंगलर, म्हणजे गेममधल्या जंगलात फिरून खेळणारा आमचा टीममेट. त्याने टाइप केलं, "तुला कुठली रूम?" गोपनीयतेचं कलम आठवून मी थोडा वेळ थांबलो. मग वाटलं, पलंगाबद्दल बोलण्यात काय आहे. लिहिलं, "खिडकीजवळचा खालचा बेड."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोटो पाठवला. तोच फोटो, तोच पलंग, तेच लाल वर्तुळ.

त्या रात्री आम्ही बाकी तिघांना एकेक करून गाठलं. प्रत्येकाला तोच पलंग मिळालेला. प्रत्येकाला सांगितलेलं, बाकी चौघांच्या सह्या झाल्यात, तुझीच जागा उरलीय. टीम म्हणून जे होतं ते आम्हीच होतो, पाच फसलेले खेळाडू, एकमेकांना एकमेकांच्या जोरावर खरे वाटणारे. माझा एडीसी, म्हणजे सपोर्टच्या जोडीला खेळणारा टीममेट, एकोणीस वर्षांचा आहे. त्याने वडिलांच्या नावावर कर्ज काढलं होतं. तो कॉलवर रडला आणि मला त्याला काय बोलावं ते सुचलं नाही.

मी आणि जंगलरने शेवटचे पैसे भरून तीन दिवस झाले होते, बँकेने हात वर केले. मधली लेन खेळणाऱ्या मिडने त्याच सकाळी पाठवले होते. कळल्यावर त्याने तासाभरात बँकेला फोन केला आणि त्याची रक्कम थांबवली गेली. शंका आली की आधी बँक, मग पोलीस, मग बाकी सगळं. आम्ही चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घेतले, खाते क्रमांक, ईमेल, साइटचा पत्ता लिहून ठेवला, आणि आपापल्या ठिकाणी सायबर तक्रार केली. बर्लिन पोलिसांकडेही ऑनलाइन तक्रार करता येते, ती केली. पासपोर्टची स्कॅन कॉपी त्या माणसाकडे आहे, याची काळजी मला अजून आहे.

आणखी एक. मी हा अनुभव काही ग्रुपवर सांगितला, तेव्हा आठवडाभरात दोघांनी संपर्क केला: "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी प्रोसेसिंग फी." फसलेल्या माणसांची यादीही विकली जाते. उत्तर देऊ नका.

आईने ती पिशवी अजून रिकामी केलेली नाही. मीही तिला सांगितलेलं नाही, कारण जायचं मी सोडलेलं नाही.

आम्ही पाच जण अजून रात्री एकत्र खेळतो. मागच्या आठवड्यात एका अनोळखी मुलाचा मेसेज आला. नवीन नाव, नवीन लोगो, पण करार तोच अकरा पानांचा. त्याला सांगितलं होतं की टीम तयार आहे, फक्त टॉपची (वरच्या लेनची) जागा उरलीय, आणि पुरावा म्हणून आमच्या जुन्या स्क्रिमचे निकाल दाखवले होते. त्यात आमची नावं होती, म्हणून टीममेट कसे आहेत हे बघायला त्याने आम्हाला शोधलं. डिपॉझिट दुसऱ्या दिवशी भरायचं होतं. आम्ही त्याला कॉलवर घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही खरे आहात हे मला कसं कळणार?"

आम्ही पाचही जणांनी कॅमेरे चालू केले.