अ‍ॅव्हेंजर 160 की 220? घरात दोन्ही असताना 13 महिन्यांचा अनुभव

अमळनेरात कुठंही गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितली देस?" म्हणजे लिटरला किती चालते? म्हणून आधी तेच सांगून टाकतो. दोन्ही गाड्या बजाजच्या मोटारसायकली, 160 आणि 220 हे इंजिनाचे सीसी. माझी अ‍ॅव्हेंजर क्रूझ 220 लिटरला 36 ते 38 देते. धाकट्या भावाची अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट 160 देते 45 ते 47. दोन्ही आकडे टाकी फुल करून, पुन्हा फुल करून काढलेत, एकाच पंपावर. पेट्रोल 105 रुपये आणि महिन्याचं चालणं 1200 किलोमीटर धरलं तर 220 ला साधारण 3400 रुपये लागतात, 160 ला साधारण 2750. महिन्याला साडेसहाशेचा फरक, आणि घेतानाच 25 हजारांच्या आसपास जास्त मोजलेले ते वेगळे. ज्याला एवढाच हिशोब करायचा आहे त्याने 160 घ्यावी, त्यात काहीच चूक नाही.

पण गेल्या 13 महिन्यांत मला जे कळलं ते या हिशोबात येत नाही, म्हणून एवढं लिहायला बसलो.

माझं काम ठिबकचं. चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात शेतांवर जावं लागतं. भाऊ धुळ्याला नोकरीला आहे, रोज जाऊन-येऊन 75 किलोमीटर, आणि जवळजवळ नेहमी एकटा. त्याने 160 माझ्याआधी दोन महिने घेतली होती. मी 220 गेल्या गुढीपाडव्याला घेतली. आज तिचे 15,800 किलोमीटर झालेत, त्याच्या गाडीचे 27 हजारांच्या वर. घर एकच असल्यामुळे किल्ल्यांची अदलाबदल सारखी चालते, त्यामुळे दोन्ही गाड्या माझ्या हाताखालून भरपूर गेल्या आहेत.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी नीट सांगत नाही, ती इथं सांगतो. या दोन गाड्यांचा सांगाडा जवळपास सारखा आहे. सीटची उंची दोन्हींची 737 मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर 1490, टाकी 13 लिटरची. पुढे 280 मिलिमीटरची डिस्क, जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागे ड्रम. गियर दोन्हींना पाच. वजनात फरक फक्त 7 किलोचा, 156 आणि 163. म्हणजे "220 रस्त्याला जास्त चिकटून चालते", "220 चा ब्रेक भारी" असं जे ऐकायला मिळतं त्यात दम नाही. क्रूझला मोठी काच, उंच हँडल, क्रोम, तारांची चाकं आणि मागे पाठ टेकायला टेका आहे. स्ट्रीटला सरळ हँडल, काळा रंग आणि अलॉयची चाकं. हे सगळं दिसण्या-बसण्याचं झालं, इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही.

इंजिनाचा फरक असा: 160 ची ताकद 15 पीएस, टॉर्क 13.7 न्यूटन मीटर. 220 ची ताकद 19 पीएस, टॉर्क 17.55. टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, आणि ती सव्वापटीहून थोडी जास्त. शिवाय 160 नुसत्या हवेवर थंड होते, 220 ला पुढे छोटा ऑइल कूलर आहे. कागदावर एवढंच दिसतं. एकट्याने चालवलं तर रस्त्यावरही एवढंच जाणवतं, म्हणजे फारसं काही नाही. भावाबरोबर मी कितीदा तरी धुळ्याला गेलोय, तो 160 वर, मी 220 वर. 65-70 च्या वेगाने दोन्ही गाड्या निवांत चालतात आणि पोचायला फार तर दोन-तीन मिनिटं मागंपुढं.

फरक कळतो मागचं सीट भरल्यावर.

बायकोचं माहेर रावेरचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी सोडायला जायचं, हा आमच्याकडे दिवाळीएवढाच पक्का रिवाज. गेल्या आखाजीला माझी 220 पहिल्या सर्व्हिसिंगला उभी होती, म्हणून भावाची 160 घेतली. मागे बायको, मधे बॅग, हँडलला आंब्यांची पिशवी. सकाळी लवकर निघायचं म्हणत म्हणत दहा वाजले. तापीचा पूल ओलांडून चोपडा गाठेपर्यंत काही वाटलं नाही. पुढे अडावद, धानोऱ्याकडे ऊन चढलं आणि केळीचे ट्रक सुरू झाले. हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता ज्याने चालवलाय त्याला माहीत आहे, ट्रकमागे एकदा अडकलात की समोरून मोकळीक मिळते ती जेमतेम काही सेकंदांची. एकटा असतो तेव्हा 160 ला चौथ्यातच पिळलं तरी ट्रक मागे पडतो. त्या दिवशी तिसऱ्यात टाकायची, इंजिन ओरडेपर्यंत पिळायचं, अर्धा ट्रक पार व्हायचा आणि समोर एसटी दिसायची. दोनदा मी परत मागे आलो. बायको काही बोलली नाही, पण माझ्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झालेला कळत होता.

किनगावजवळ एका निंबाखाली थांबलो. इंजिन बंद केल्यावर तापलेला धातू आक्रसताना येतो तसा टक, टक, टक असा आवाज किती तरी वेळ येत राहिला. पाणी प्यायलो, रुमाल ओला करून सीटवर टाकला, वीस मिनिटं बसलो. गाडीचं काही बिघडलं नव्हतं, इंजिन तापायलाच बनवलेलं असतं. पण लहान इंजिनाला दोन माणसं आणि सामान ओढायचं तर ते सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे वैशाखात अंगावर येणारी हवाच 43-44 अंशांची, ती थंड तरी काय करणार.

यंदाच्या आखाजीला तोच रस्ता, तेच ऊन, तेवढंच सामान, गाडी 220. ट्रकमागून निघताना चौथाच गियर ठेवला आणि मूठ उघडली. एका ओढीत पुढे. त्याला मी वेग म्हणणार नाही, कारण काटा 75 च्या वर नेलाच नाही. जिथे 160 वर श्वास रोखून बसावं लागलं तिथे या वेळी आम्ही बोलत गेलो, सावद्याच्या पुढे लग्नात कोणाला काय आहेर करायचा याचं ठरवत. काचेमुळे झळही छातीवर कमी बसली, ते श्रेय मात्र काचेचं. किनगावला थांबलो नाही. येताना सासूबाईंनी सांजोऱ्या आणि कुरडयांचा डबा दिला, तो टेक्याला बांधून आणला.

तोरणमाळलाही हेच दिसलं. पावसाळा संपता संपता आम्ही दोघं भाऊ शहाद्याहून वर गेलो. एकटे होतो तोवर 160 माझ्या बरोबरीने वळणं घेत होती. खाली परतताना आतेभाऊ बरोबर निघाला आणि म्हणाला, सीताखाईची दरी परत बघू, तेव्हा पुन्हा थोडं चढावं लागलं. तो 160 वर बसला तर भाऊ दुसऱ्या गियरच्या वर जाऊच शकेना, माझ्यामागे बसला तर तिसऱ्यात आरामात. उताराला दोन्ही सारख्याच, तिथे ब्रेक आणि तुमचं डोकं काम करतं.

आता आप्पांचं. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात आणि महिन्यातून एकदा त्यांना धुळ्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. साध्या मोटारसायकलवर पाय उंच टाकून बसणं हीसुद्धा एक परीक्षाच असते. अ‍ॅव्हेंजरवर मी दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून गाडी घट्ट धरतो, आप्पा माझ्या खांद्याला धरतात, काठी मला देतात, आणि पाय ओढून घेत बसतात. बसल्यावर पाठ टेक्याला. पहिल्यांदा असं नेलं तेव्हा पारोळ्याच्या बाजूला चहाला थांबलो आणि मी विचारलं, कंबर काय म्हणते? "आते बरं वाटस," एवढंच म्हणाले. 220 घेतल्याचं समाधान मला त्या दिवशी झालं, आणि खरं तर ते सीटचं आणि टेक्याचं होतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी 160 घेतली तरी मागे टेका बसवून घ्यावा. भावाच्या गाडीला आम्ही नंतर बसवला.

तक्रारीही आहेत. पाय पुढे टाकून बसायची ही बैठक सपाट रस्त्यावर सुखाची, पण खड्डा आला की पायावर उभं राहून धक्का घेता येत नाही, तो सरळ कण्यात जातो. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या शेतरस्त्यावर अर्धा तास चालवली की रात्री पाठ बोलते. गावागावांत टाकलेल्या उंच गतिरोधकांवर दोघं असलो की पोट घासतं, तिरकी घेतली तर निभतं. आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर दोन्हींपैकी एकही नेऊ नका. चिखल मडगार्डमध्ये ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं, आणि ही लांब गाडी वळवून मागे काढणं एकट्याचं काम नाही. मी आता डांबरावर लावतो आणि बांधाने चालत जातो.

तारांच्या चाकांचं तर मुद्दाम सांगतो. तारांचं चाक म्हणजे आत ट्यूब. नोव्हेंबरात यावलच्या अलीकडे संध्याकाळी सातला मागच्या टायरात बाभळीचा काटा घुसला आणि हवा एका झटक्यात गेली. पंक्चरवाला पाच किलोमीटरवर. 163 किलो ढकलत अर्धा किलोमीटर गेलो तेव्हा हात भरून आले. शेवटी केळीचे घड उतरवून येणारा एक छोटा हत्ती टेम्पो थांबला, त्यातल्या पोरांनी फळी लावली आणि चौघांनी मिळून गाडी वर घेतली. पैसे घेतले नाहीत, केळीची फणी दिली ती वेगळीच. तेव्हापासून डिकीत जादा ट्यूब, टायर काढायचे दोन पाने आणि हातपंप असतो.

मला विचारलं तर मी इंजिनाबद्दल बोलायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, महिन्यातले किती दिवस तुमच्या मागे कोणी बसतं? भावासारखा एकटा जाणारा-येणारा असेल तर 160. त्याचं महिन्याला 1900 किलोमीटर चालणं आहे, 220 असती तर दरमहा हजार रुपये जास्त गेले असते, आणि धुळ्याच्या रस्त्यावर त्या हजाराचं त्याला काही मिळालं नसतं. बायको, आई-वडील, सामान, घाट, उन्हाळ्यातला लांब प्रवास हे नेहमीचं असेल तर 220, आणि पेट्रोलकडे बघून जीव जाळू नका.

शोरूमवाले ट्रायल देताना एकट्याला चौकापर्यंत पाठवतात. मलाही तसंच पाठवलं होतं, आणि त्या चौकापर्यंत दोन्ही गाड्या मला सारख्याच वाटल्या. तुम्ही घरचं माणूस बरोबर न्या, त्याला मागे बसवा आणि एखादा उड्डाणपूल चढून या. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जा.

भावाचं लग्न ठरलंय, मुलगी चाळीसगावची. परवा रात्री जेवताना त्याने विचारलं, लग्नानंतर रविवारी 220 मी नेली तर चालेल का? मी किल्ली खिळ्याला अडकवतो ती जागा त्याला दाखवली.