विलीज जीपचं वायरिंग: कापडी लूम मागवावा, साताऱ्यात बांधून घ्यावा, की जुनाच चालवावा?

जुनी विलीज जीप नव्याने उभी करताना चॅसी सरळ झाली, इंजिन बसलं, हिरव्या रंगाची छटाही ठरली, की जीपवाल्यांमध्ये वायरिंगचा वाद सुरू होतो. तो बहुतेक वेळा वेष्टणावरच अडकतो: मूळचं कापडी घ्यायचं की आजचं पीव्हीसी? माझं मत आधीच सांगून टाकतो. वेष्टण सगळ्यात शेवटी ठरवा. व्होल्टेज, तारेची जाडी आणि अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याची वाट) यांत गडबड असेल, तर परदेशातून मागवलेला देखणा लूम, म्हणजे गाडीच्या सगळ्या तारांचा बांधलेला जुडगाही, रात्री यवतेश्वरचा घाट उतरताना काही कामाचा नाही.

इथे डोळ्यासमोर आहे ती १९४१ ते १९४५ दरम्यानची, सैन्यासाठी बनलेली विलीज एमबी किंवा तिची जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू. ६ व्होल्टची, बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला. तारांवर रबर आणि त्यावर विणलेलं सुती वेष्टण.

आधी ६ की १२ ते ठरवा

६ व्होल्टची जीप अंधूकच दिसणार, असं सर्रास ऐकू येतं. दोष ६ व्होल्टचा नसतो, तर नंतर कुणीतरी घातलेल्या बारीक तारेचा असतो. हिशेब सोपा आहे. ४५ वॅटचे दोन हेडलाइट धरले तर ९० वॅट, म्हणजे ६ व्होल्टला १५ अँपिअर आणि १२ व्होल्टला त्याच्या निम्मे, साडेसात. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम तारेचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. बाजारात सहज मिळणारी १.५ स्क्वेअर एमएमची चार मीटर तार वापरली, तर १५ अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट तारेतच जातात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. सहापैकी पाऊण व्होल्ट गेला की जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेला. तिथेच ४ स्क्वेअर एमएमची तार घातली तर घट पाव व्होल्टवर येते. १२ व्होल्टवर मात्र तीच १.५ ची तारही एक दशांशाच्या आसपासच उजेड खाते.

त्यामुळे जीप नियमित चालवायची असेल आणि मूळपणाचा आग्रह नसेल, तर १२ व्होल्ट सोपं पडतं. पण त्यात बॅटरी बदलली की झालं, असं नाही. बल्ब, कॉइल, हॉर्न, डायनमो आणि चार्जिंग सांभाळणारा कटआउट बदलावे लागतात. पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करून द्यावं लागतं, नाहीतर तो जळतो. अँपिअर मीटर तसाच चालतो, कारण तो करंट मोजतो. ६ व्होल्टचा सेल्फ १२ वर फिरतो, जोरातच फिरतो, पण दर वेळी फ्लायव्हीलच्या दात्यांवर धक्का बसतो. सेल्फ मारायला लांबच लांब दाबून धरायची सवय असेल तर तो काढून १२ व्होल्टचा बसवा.

व्हिंटेज नोंदणीचं काय, असं विचारणारे असतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात ठेवलेलं आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेलं वाहन व्हिंटेज धरलं आहे. वायरिंगचं नाव त्यात नाही. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. म्हणजे ‘रोज चालवायची म्हणून १२ व्होल्ट’ हे कारण व्हिंटेज पाटी घेणाऱ्याला तसंही उरत नाही. मी स्वतः ६ व्होल्टच ठेवा म्हणेन, जाड तार घालून.

जुना लूम दुरुस्त करणं

हे लवकर उरकतो. मूळ रबराचं वेष्टण हातात भुगा होतं. ते वरून टेप गुंडाळून वाचत नाही, कारण वाकवलं की आतून तुटतं. सांगलीकरांच्या बाबतीत तर हा पर्याय धरूच नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. अशा पुरात उभी राहिलेली गाडी वरून धुऊन पुसून चकचकीत होते, पण पाणी तारेच्या तोंडातून धाग्याधाग्यांत चढत आत गेलेलं असतं. टोक कापून पाहा: तांबं काळं किंवा हिरवट दिसलं तर आणखी वीतभर कापा. तिथेही काळंच असेल तर तो लूम फक्त नमुना म्हणून ठेवायचा.

नमुना म्हणून मात्र तो अमूल्य आहे. काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो घ्या आणि लूम अखंड काढा. कापून काढणारा मिस्त्री तुमचे दोन तास वाचवतो आणि नंतरचे दोन आठवडे घालवतो.

तयार कापडी लूम

अमेरिकेत आणि युरोपात एमबीसाठी तयार लूम बनतात. चांगल्या लूममध्ये आत आजची पीव्हीसी तार आणि वर सुती विणकाम असतं, रंग आणि त्यातले धागे मूळ आकृतीप्रमाणे. याचा खरा फायदा दिसण्यात नाही, ब्लॅकआउटच्या, म्हणजे शत्रूला दिसू नये म्हणून झाकलेल्या मंद दिव्यांत आहे. एमबीला नेहमीच्या हेडलाइटशिवाय डाव्या मडगार्डवर ब्लॅकआउटचा दिवा, पुढे छोटे मार्कर आणि मागे ब्लॅकआउटचे टेललॅम्प असतात. मागचे दोन्ही दिवे बाहेरून सारखे दिसले तरी आतून वेगळे. स्विचही साधा नाही. हेडलाइट चुकून लागू नयेत म्हणून त्याला खटका आहे. हे सगळं माहीत नसलेल्या माणसाने साध्या नागरी जीपचं वायरिंग किट बसवलं की यातले निम्मे दिवे शोभेचे होतात. तयार लूममध्ये ही सगळी टोकं मोजून दिलेली येतात.

तोटे दोन. कस्टम ड्युटी आणि वाहतूक धरली की किंमत टोचते. आणि लूम फॅक्टरीतून निघालेल्या जीपच्या मापाचा असतो. आपल्याकडच्या जीपांनी मधल्या काळात बरंच सोसलंय: डिझेल इंजिन घातलेलं, डायनमो दुसऱ्या बाजूला गेलेला, डॅशबोर्डला जादा भोकं. अशा गाडीत महागडा लूम कुठे कमी पडतो, कुठे लोंबतो, आणि मग त्यालाच जोड द्यावे लागतात. तुमची जीप मूळ इंजिनावर परत आणलेली असेल तरच मागवा.

कापड पावसात कसं टिकतं, ही शंका रास्त आहे. वरून लॅकर दिलेलं असेल तर बऱ्यापैकी. नुसतं कोरडं सुती असेल तर कास-बामणोलीकडच्या पावसात ते चिखलपाणी धरून ठेवतं. आतली पीव्हीसी तार वाचते, पण थिंबलपाशी (तारेच्या टोकाच्या धातूच्या जोडापाशी) ओल राहते आणि गंज तिथून सुरू होतो.

इथेच बांधून घेतलेला लूम

बहुतेकांना मी हाच सुचवेन. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं असलेल्या सातारा जिल्ह्यात सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस शोधला तर सापडतो. ज्याने ईएमईत, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागात गाड्यांचं वायरिंग केलंय, त्याला ब्लॅकआउट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो नाही मिळाला, तर ट्रक-ट्रॅक्टरचं काम करणारा जुना इलेक्ट्रिशियन चालेल. नव्या कारचा कोड वाचणारा नको.

काम असं करून घ्या. प्लायवूडवर जुना लूम पसरायचा, प्रत्येक वळणाला खिळा ठोकायचा आणि त्याच रेषेवर नवा बांधायचा. तार ऑटोमोटिव्हच हवी, आयएस २४६५ या भारतीय मानकाची. घरगुती आयएस ६९४ ची तार स्वस्त आणि हाताशी असते म्हणून वापरली जाते, पण ती भिंतीत निवांत पडून राहायला बनलीय, इंजिनाच्या उष्णतेत आणि तेलात थरथरायला नव्हे. दुसरी अट रंगांची. एकाच लाल गुंडाळीतून सगळं वायरिंग करायची खोड आपल्याकडे आहे. किमान पाच-सहा रंग मागा किंवा दोन्ही टोकांना नंबरची स्लीव्ह घालून घ्या. तिसरी, थिंबल नीट क्रिंप केलेलं, म्हणजे त्याच्या खास अवजाराने दाबून बसवलेलं हवं. पक्कडीने चेपून वर भरमसाट झाल दिली की ती धाग्यांत चढते, तार तिथे ताठ होते आणि खडखडाटात नेमकी त्या ताठपणाच्या कडेला तुटते.

दिसण्याचा प्रश्न इथे सुटतो: बांधून, तपासून झालेल्या लूमवर सुती विणलेली स्लीव्ह चढवा आणि वर लॅकर मारा. दोन फुटांवरून कुणाला फरक कळत नाही. रॅलीतला चोखंदळ परीक्षक बॉनेट उघडून एकेका तारेवरचा रंगीत धागा शोधेल, त्याला मात्र हे पटणार नाही. तुमचा डाव त्याच्यासाठीच असेल तर वरचा तयार लूमचा पर्याय घ्या.

अर्थिंग, ज्यावर कुणी बोलत नाही

रंगकाम झालं, नवा लूम बसला, आणि दिवे मंद, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो. कारण जवळपास ठरलेलं असतं. पावडर कोटिंग आणि जाड प्रायमर यांनी बॉडी, मडगार्ड, चॅसी आणि इंजिन एकमेकांपासून तोडलेले असतात. रबर माउंटवर बसलेलं इंजिन तर तरंगतंच. सेल्फ मारला की करंट मग चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते.

युद्धकाळातल्या रेडिओच्या जीपांना यावरचं औषध मूळचंच होतं. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बॉनेट, मडगार्ड, इंजिन असे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी आणि दातेरी वॉशरांनी जोडलेले असत. अशा गाडीच्या बॉनेटवरील नंबराशेवटी ‘एस’ असे. भंगार समजून या पट्ट्या पहिल्यांदा फेकल्या जातात. तुमच्याकडे उरल्या असतील तर ठेवा, नसतील तर नव्या घाला. भोकाभोवतीचा रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून, घट्ट केल्यावर वरून ग्रीस. बॅटरीची आणि सेल्फची केबल ६ व्होल्टला ५० स्क्वेअर एमएमच्या आसपास हवी. १२ व्होल्टच्या कारची बारीक तयार केबल लावून बॅटरीला दोष देणारे पुष्कळ आहेत.

शंका आली तर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब आहे, नवा लूम कितीही महाग असो.

एम३८ असेल तर

१९५० नंतरच्या एम३८ या विलीजच्याच लष्करी जीपमध्ये २४ व्होल्ट आणि पाणी न शिरणारे रबरी जोड असतात, तारांवर नंबर कोरलेल्या धातूच्या पट्ट्या असतात. तिला वरची कुठलीच तडजोड लावू नका. १२ व्होल्टला उतरवायचा मोहही टाळा. जोड ठीक असतील तर फक्त खराब तारा बदला आणि नंबराच्या पट्ट्या नव्या तारेवर तशाच चढवा. सर्किटची आकृती त्याच नंबरांवर चालते, आणि पुढच्या मिस्त्रीला तुम्ही हजर नसतानाही काम करता येतं.