पायथनचं हीपक्यू: फुकट, पण कामाचं

दारव्ह्याकडच्या कृषी केंद्रांसाठी मी बियाण्यांचं शोध-ॲप सांभाळतो. ‘तूर’ टाकलं की प्रत्येक दुकानाची यादी भावानुसार लागूनच येते. मग सगळं एकत्र ओतून पुन्हा सॉर्ट काऊन करायचं? हीपक्यू म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येणारं तयार कोड. त्यातलं ‘मर्ज’ हे फंक्शन प्रत्येक यादीची फक्त पहिली नोंद हीपमध्ये (सर्वांत लहान नोंद लगेच हाती देणाऱ्या रचनेत) धरते, सर्वांत स्वस्त ती बाहेर देते अन् त्याच यादीतली पुढची आत घेते. पहिल्या दहा मिळाल्या की थांबा. बाकीचा ढीग तसाच राहते. माझ्या जुन्या लॅपटॉपले हे लय मानवलं.

टपलमध्ये (एकत्र बांधलेल्या मूल्यांत) भावामागं डिक्शनरी (नाव-मूल्य अशा जोड्यांची माहिती) ठेवली अन् दोन भाव सारखे निघाले, की टाइपएरर! कारण मग पायथन डिक्शनऱ्यांची तुलना करायले जाते, अन् ती होत नाही. पायथन आवृत्ती ३.५ पासून मिळणारा ‘की’ (key) हा पर्याय वापरून फक्त भावावरच तुलना कर म्हणून सांगा, कटकट मिटते. एखादी यादी विस्कटलेली आली तर मात्र हे ब्र काढत नाही, गुपचूप चुकीचा क्रम देते. पाचपैकी चार.