जहाजाची सहल म्हणून घेतलेले ६७,००० रुपये

आपल्याच सोलापुरातल्या एका ट्रॅव्हल एजंटाने आम्हा चौघांचे ६७,००० रुपये खाल्ले. पतसंस्थेत २८ वर्षं लोकांचे कागद तपासले मी. हे लिहिताना मान खाली जाते. पण गड्डा यात्रा संपली की त्याच्याकडे सुट्टीच्या बुकिंगची गर्दी लागते, म्हणून लिहितोय.

क्रूझचं बुकिंग खरं होतं. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. फसवलं ते बंदरावर उतरून फिरायच्या सहलींत. मी म्हणत होतो, आपलं आपण फिरू. तो म्हणाला, "काका, उशीर झाला तर जहाज निघून जातं. जहाजाची अधिकृत सहल घ्या, मग तुमच्यासाठी थांबतं." हे खोटं नाही, तिथंच मी अडकलो. जहाज थांबतं ते जहाज कंपनीकडून घेतलेल्या सहलीसाठी. एजंटाने बाहेरची गाडी लावून दिली, तर तुम्ही तुमच्या जबाबदारीवर. पेनांगचे माणशी ७,५०० आणि फुकेतचे ९,२५० त्याने या भीतीवर काढले, तेही त्याच्या मेहुण्याच्या यूपीआयवर. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता. शेजाऱ्यांची चारधाम यात्रा त्यानेच नीट करून आणली होती, मग संशय कसा घेणार?

पण जहाजावरची पहिली रात्र डोक्यातून जात नाही. सहल घेतलेल्यांच्या खोल्यांत तिकिटं आली, आमच्या खोलीत काही नाही. बाकीचे सगळे जहाजावरच्या थिएटरात जमणार, आणि आमच्या व्हाउचरवर 'बंदराच्या गेटबाहेर' लिहिलेलं. बायको म्हणाली, "जाऊन विचारून या ना." सहलींचं काउंटर जेवणाच्या हॉलबाहेरच होतं, वीस पावलांवर. मी गेलो नाही. एजंटाला व्हॉट्सॲप केलं. "ग्रुप बुकिंग आहे काका, तिकीट लागत नाही." आणि मी झोपलो! पैसे देऊन आठच दिवस झाले होते. त्या रात्री कळलं असतं तर तेव्हाच तक्रार करता आली असती.

पेनांगला एक व्हॅन आली, तीन दुकानं फिरवली आणि केक लोक सी मंदिर खालूनच दाखवलं. अहो, तिथं जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागतं, फोर्ट कॉर्नवॉलिस चालत जाण्याइतका जवळ आहे. गाडीची गरजच नव्हती.

फुकेतला कोणी आलंच नाही. दोन तास उन्हात उभे राहिलो, एजंटाचा फोन बंद. शेवटी २,४०० बाथ देऊन गाडी केली. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत होतं, फुकेतचं घड्याळ एक तास मागे. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो. समुद्रात उभ्या जहाजाकडे परतणारी शेवटची बोट जहाजाच्या वेळेने चारची, म्हणजे तिथले तीन. ड्रायव्हर साडेतीनला सोडतो म्हणत होता. आमच्याबरोबरच्या माझ्या मेहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नव्हतं, म्हणून वाचलो. जहाजावरून उतरण्याआधी जहाजाची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा." दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तर म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत. बँकेत साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" जहाज कंपनीचं उत्तर एका ओळीचं: तुमची नावं आमच्या यादीत नाहीत. पाच ठिकाणी तेच कागद, त्याच झेरॉक्स, आणि प्रत्येक जण मलाच विचारणार, "तुम्ही चौकशी केली नाहीत का?" चोराला हा प्रश्न एकानेही विचारला नाही. अर्ज ठेवून घ्यायला काय जात होतं यांचं? पोचसुद्धा मागून, भांडून घ्यावी लागली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथंच दाखल करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मला एकाही कार्यालयाने सांगितलं नाही, वकील भाच्याने सांगितलं. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे. एजंटाचं म्हणणं, पेनांगला सेवा दिली. आतापर्यंत तीन तारखा पडल्या, तो एकदाही आला नाही.

मेहुण्यांच्या वाट्याचे ३३,५०० मी माझ्या बचतीतून दिले. ते घेत नव्हते.