परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी, संभाजीनगर: "बेटावर आर्टची डिग्री फुकट" ऐकून जात असाल तर

दोन तारे. तेही का दिले ते खाली येतंच. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हेच वाक्य आता शहरात अजून दोन-चार ठिकाणी ऐकायला मिळायलंय, "स्कॉटलंडमधे डिग्रीला फीच नाही सर, त्यात आयलंडवर तर सीटा रिकाम्याच राहतात."

आमची भाची पैठणची, यंदा बारावी झाली, ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, आणि डोक्यात एकच, टेक्सटाइल शिकायचं. घराच्या आजूबाजूला माग बघतच मोठी झाली त्यामुळे ते नाटकी वाटत नाही. तिनं कुठंतरी स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवरच्या विणकामाचं वाचलं आणि मग मामा चला चौकशीला.

ऑफिस चकाचक, एसी, भिंतीवर लंडनचा मोठा फोटो (लंडनचा कशाला कोण जाणे), चहा लगेच. काउन्सेलर गोड बोलतो. ब्रोशर पुढं ठेवलं, युनिव्हर्सिटी ऑफ द हायलँड्स अँड आयलंड्स, ऑर्कनी, शेटलँड, आउटर हेब्रिडीज अशा बेटांवर कॉलेजं, तिथं फाइन आर्टची डिग्री करता येते. हे सगळं खरंय बरं का. 2011 ला युनिव्हर्सिटीचा दर्जा मिळालाय, बरेचसे तास व्हिडिओवर चालतात म्हणजे एका बेटावरचा मास्तर दुसऱ्या बेटावरच्या पोरांना शिकवतो. शेटलँडचं लर्विक गाठायला अबर्डीनहून रात्रभराची बोट लागते, तिथल्या पोरांनी दरवेळी कुठं जायचं शिकायला? म्हणून कॉलेजच बेटावर नेलं. आपल्याकडं पैठणी-हिमरू जिथं विणतात तिथंच त्याची डिग्री देणारं कॉलेज कुणी काढायचं मनावर घेतलं असतं तर मी या ऑफिसात बसलो असतो का, असं वाटून गेलं. असो.

आता फुकटचं. घरी येऊन नीट वाचलं. तिथं डिग्रीची फी वर्षाला 1,820 पौंड, ती सास नावाची सरकारी संस्था थेट कॉलेजला भरते, पोरानं फक्त दरवर्षी अर्ज टाकायचा, आणि बाकीचा खर्च सरकार फंडिंग कौन्सिलमार्फत देतं. पण कुणासाठी? तिथं राहणाऱ्यांसाठी. ढोबळ नियम असा की आधीची तीन वर्षं तिथं राहिलेला पाहिजे. युरोपियन युनियनच्या पोरांना आधी ही सवलत होती, तीही 2021 पासून नव्यानं येणाऱ्यांना बंद. इंग्लंडातून गेलेल्या पोरालासुद्धा फी भरावी लागते, मग पैठणच्या पोरीला कोण माफ करणार, ती सरळ इंटरनॅशनल फीच्या खात्यात. म्हणजे वाक्य खोटं नाही, फक्त अर्धं सांगायचं आणि उरलेलं ऑफर लेटर आल्यावर.

हे फोनवर विचारलं तर म्हणे, "सर स्कॉलरशिप आहे ना, राज्याची." कोणती? तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अहो ती पदव्युत्तर आणि पीएचडीलाच मिळते, वर युनिव्हर्सिटी जागतिक क्रमवारीत वरची लागते, बारावीच्या पोरीला कशी बसेल? केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही मास्टर्स-पीएचडीचीच, आणि त्यात 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास असले विषय वगळलेत, म्हणजे पुढं जाऊन पैठणीवर संशोधन करायचं म्हटलं तरी दार बंद.

सगळ्यात खटकलं ते व्हिसाचं. लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी महिन्याला 1,136 पौंड (2025 च्या जानेवारीपासूनचा आकडा, नंतर अजून वाढलाय) असे नऊ महिन्यांचे धरून अकरा-बारा लाख खात्यात सलग 28 दिवस दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाच्या फीतलं जे राहिलं असेल ते वेगळं. दाजींचं मोसंबीचं शेत, ते गप्पच झाले. तर काउन्सेलर हळूच म्हणतो, "फंड दाखवायची व्यवस्था होते आमच्याकडून." व्याज किती ते मात्र सांगेना. भाचीनं विचारलं की एवढं सगळं व्हिडिओवरच आहे तर पैठणला बसून नाही का करता येणार, मग खर्च नुसता फीचाच राहील? त्यावर तो हसला, पण प्रश्न बरोबर होता. घरी बसून करायचं तर व्हिसाच लागत नाही, आणि निव्वळ ऑनलाइन कोर्सवर स्टुडंट व्हिसा मिळतही नाही. हे त्यानं आपणहून सांगायला पाहिजे होतं का नाही?

चांगलं काय, तर आतल्या टेबलावर पोर्टफोलिओ बघणारी एक पोरगी आहे, स्वतः कला महाविद्यालयातून शिकलेली. तिनं भाचीची स्केचबुकं पान अन् पान बघितली, रंगवलेले मोर बाजूला काढले आणि मागावर बसलेल्या बाईच्या हातांची पेन्सिल स्केचेस वर ठेवली, म्हणाली "हे तुझं आहे, ते कॅलेंडरचं." वर हळूच हेही सांगितलं की आधी एएसी सीईटी, म्हणजे इथल्या कला पदवीची प्रवेश परीक्षा दे, इथल्या शासकीय कला महाविद्यालयाची फी बघ, डिग्री झाल्यावर मास्टर्सला बाहेरचं बघू, तेव्हा स्कॉलरशिपचा अर्ज तरी करता येईल. अख्ख्या ऑफिसात कामाचं बोललेलं तेवढंच. भाची आता सीईटीची मेमरी ड्रॉइंगची प्रॅक्टिस करायलीय.

रजिस्ट्रेशनचे पैसे परत देत नाहीत, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्या. गाडी खाली लावायला जागा नाही. दोन्ही तारे आतल्या टेबलाचे.