एचएस-सीआरपी चाचणी: ‘मूड पॅनल’ म्हणून पैसे मोजावेत का?

एचएस-सीआरपी म्हणजे रक्तातलं सीआरपी बारकाईने मोजणारी चाचणी; ती मनःस्थिती सांगणारं ‘मूड पॅनल’ म्हणूनही विकली जाते. चाचणीबद्दल तक्रार नाही. एक रक्तनमुना, उपाशीपोटी जायचीही गरज नाही. तक्रार आहे ती लेबलाबद्दल. सीआरपी हे प्रथिन यकृतात बनतं, मुख्यतः आयएल-६ या सायटोकाइनच्या (पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाच्या) इशाऱ्यावर. म्हणजे आकडा शरीरातल्या दाहाचा (इन्फ्लमेशनचा). मेंदूतला दाह त्यातून थेट मोजता येत नाही.

तरी दाह आणि मनःस्थितीचा संबंध थोतांड नाही. दाह वाढला की डोपामिन हे मेंदूतलं प्रेरणेचं रसायन बनायला लागणारा बीएच-४ हा सहायक घटक कमी पडू शकतो, आणि बक्षिसाची चाहूल घेणारा मेंदूतला भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, मंदावतो. रडू येण्यापेक्षा ‘काही करावंसंच वाटत नाही’ ही अवस्था याच्याशी जास्त जुळते. औदासीन्यावर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह कमी करणारं औषध देऊन पाहिलेल्या अभ्यासात (२०१३) ६० रुग्णांना एकंदर फायदा झाला नाही; सीआरपी ५ मिग्रॅ/लिटरच्या वर असलेल्यांतच सुधारणेकडे कल दिसला.

मागताना ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या सीआरपीत १ आणि ३ मधला फरक नीट कळत नाही. सर्दीताप, लस किंवा जबर व्यायाम झाला असेल तर दोन आठवडे थांबा. १० च्या वर आकडा आला तर आधी संसर्ग शोधायचा, मग पुन्हा मोजायचं. लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचे आजार, इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनीही तो चढतो, आणि नेमकं हेच अहवालात क्वचित लिहिलेलं असतं.

माझे गुण: चाचणी डॉक्टरांनी सांगितली असेल तर पाचपैकी चार. सप्लिमेंटच्या जाहिरातीसोबत आली तर एक.