चौकटीसाठी बाभूळ की निलगिरी?
शेतघराच्या चौकटीला यांपैकी कोणते लाकूड घ्यावे, असे कोल्हापुरात सुताराला विचारले, तर तो दोन्हींना नाक मुरडेल. बाभूळ कठीण, गाठाळ आणि गुंतलेल्या रेषांची असल्याने रंध्याचे पाते लवकर बोथट होते व खिळ्यासाठी आधी भोक पाडावे लागते. मात्र बैलगाडीची चाके तिचीच होत, यावरून तिची ताकद कळावी. बाहेरचा पांढुरका भाग तेवढा काढावा, त्याला भुंगा लागतो. निलगिरी स्वस्त, सरळ व लांब मिळते, पण खोडातला ताण कापताच मोकळा होऊन फळ्या वाकतात आणि वाळताना टोकांना चिरतात. माझ्या मते, दार अडकवणारा हा दोष बोथट पात्यापेक्षा वाईट. कायमच्या चौकटीला बाभळीचा गाभा, तात्पुरत्या मांडवाला किंवा टेकूंना निलगिरीचे वासे घ्यावेत.